तितरांसाठी मागितलेलं धुकं

कीर्तनाचं वेड काय असतं ते मस्कतच्या अल खौद भागात नंदू आठल्येच्या शेजाऱ्यांना विचारावं. मस्कतला नोकरीला आल्यावर ऐकायला बुवा मिळेना, म्हणून हा गडी स्वतःच उपरणं घालून उभा राहिला. आवाज खणखणीत, माईकची गरज नाही. खोड एकच, थांबायचं कुठे ते कळत नसे. उत्तररंगाला लागेपर्यंत निम्मे श्रोते जेवणाच्या रांगेत जाऊन उभे असत.

माघातल्या गणेशजयंतीला कुरुममधल्या एका मित्राकडे त्याचं कीर्तन ठरलं होतं. पण तालीम करायची कुठे? वरच्या मजल्यावर युनिव्हर्सिटीची पोरं राहत. इकडे झांज वाजली की तिकडे फरशीवर काहीतरी दाणकन आपटे.

"तुमचा पूर्वरंग संपेस्तोवर आपल्याला घर बदलावं लागणार," त्याची बायको वासंती म्हणाली.

यावर तोडगा काढला तो कॉस्मासनं. कॉस्मास वसईचा. नंदूच्याच कंपनीत स्टोअर सांभाळायचा. बारा वर्षांची दोस्ती.

"नंद्या, गुरुवारी सुट्टीच आहे, चल आमच्याबरोबर जबल शम्सच्या डोंगरावर. जहूर तितरं मारायला चाललाय. आम्ही शिकार करतो, तू बोंबल हवं तितकं. ऐकायला फक्त शेळ्या."

"माणसांपेक्षा बऱ्या. उठून तरी जाणार नाहीत," नंदू म्हणाला.

जहूर कंपनीचा ड्रायव्हर, बलुची, सासुरवाडी त्या डोंगरातलीच. बंदूक त्याची. परक्या मुलखात आपण बंदुकीला हात लावायचा नाही एवढं भान कॉस्मासला होतं, त्यामुळे या शूर शिकाऱ्याच्या हाती होती ती रिकामी पिशवी. पण तोरा असा की जणू वाघ आणायला निघालाय. बायकोला, मॅग्डलिनला, तर त्यानं आदल्या रात्रीच मसाला वाटून ठेवायला लावला होता.

दोन हजार तीनचा जानेवारी. गुरुवारी पहाटे निघाले, दहाला वर पोचले. ऊन लख्ख पडलेलं. नंदूच्या अंगावर स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्यावर कानटोपी.

"वहिनींनी हिमालयात धाडलंय काय रे तुला?" कॉस्मास खदखदून हसला. "ओमानमध्ये कसली आलीय थंडी!" असं म्हणत त्यानं आपलं जाकीट गाडीतच फेकलं आणि सुती शर्टावर, कॅनव्हासच्या बुटांत निघाला.

"कॉस्मास भाई, जॅकेट ले लो. ये पहाड़ है, इसका भरोसा नहीं," जहूर म्हणाला.

"अरे यल्ला, चलो!"

दोघं उतारावरून खाली गेले. नंदूनं गाडीमागच्या टेकाडावर एका जुन्या झाडाखाली बैठक मारली. समोर उतार, उतारापलीकडे एकदम तुटलेला कडा आणि हजारो फुटांची दरी. हवेत धुपासारखा वास. इतकं प्रसन्न वाटलं त्याला की हात आपोआप जोडले गेले. तेवढ्यात कुठूनतरी तितराची हाक आली, आणि नंदूचं शाकाहारी काळीज हललं. "देवा," तो मनाशी म्हणाला, "कॉस्मास माझा जिवाचा मित्र आहे, त्याचं वाईट नको करूस. पण त्या बिचाऱ्या तितरांना तेवढं लपव."

आणि झांजा काढून तो नमनाला लागला.

दुपारी दोनच्या सुमारास दरीतून धुक्याची एक पांढरी पट्टी वर आली. बघता बघता कडा गेला, उतार गेला, समोरचं झाड गेलं. वारा सुटला. मग पावसाबरोबर गारा! हरभऱ्याएवढ्या गारा तडातड कपाळावर बसू लागल्या. त्या थांबल्या तरी धुकं हललं नाही. हात लांब केला तर बोटं अंधुक दिसावीत असं.

अर्ध्या तासानं जहूर धापा टाकत वर आला. एकटाच.

"कॉस्मास भाई आया?"

"आपके साथ था ना?" नंदूनं विचारलं.

झालं होतं असं की जहूर तितरं उठवायला वरच्या अंगानं गेला होता आणि कॉस्मासला एका खडकाशी बसवून ठेवलं होतं. धुक्यात जहूर तिथं परतला तर खडक रिकामा. जहूरनं तीन बार काढले, तर आवाज दरीत घुमून चहूकडून परत आला. कोण कुठून ते उमजेना. गाडीचा हॉर्न वाजवून पाहिला, तो टेकाडाच्या आडच अडला. शोधायला जायला नंदू उठला, तर जहूरनं त्याचा दंड धरला.

"आप गये तो दो को ढूँढना पड़ेगा. नीचे खाई है. और सुनो, वो भीगा हुआ है. भीगा आदमी ठंड में बैठ जाता है, फिर नींद आती है. फिर खलास. उसको सोने नहीं देना है."

म्हणजे कॉस्मासला जागं ठेवायचं आणि अंधार पडायच्या आत वर आणायचं. आणि देवाकडे हे लपवणं मागितलं कुणी? नंदूनं! तितरं लपली, शिकारीही लपला. त्याला रडूच यायला लागलं.

"नंदू भाई, आपकी आवाज़ और वो थाली," जहूर झांजांकडे बोट दाखवत म्हणाला. "ठहर ठहर के बजाओ. यहाँ से नीचे सीधा उतार है. आवाज़ पकड़ के आया तो खाई पीछे छूट जाएगी. मगर बंद मत करना!"

उभ्या जन्मात नंदूला कुणी 'थांबू नको' म्हटलं नव्हतं.

त्यानं झांज वाजवली, थांबला, हाक दिली. पुन्हा झांज. मग गजर. मग येत होते तेवढे सगळे अभंग. झांजांच्या दोऱ्या ओल्या झाल्या, बोटं बधिर झाली. पाऊण तास गेला. धुक्यातून उत्तर नाही.

'झोपला,' नंदूच्या मनात आलं. 'माझ्या अभंगांना कॉस्मास तसाही झोपतो. याला जागं ठेवील असं काय आहे?'

आणि आठवलं. बदक! वसईला असताना कॉस्मासनं म्हणे एक रानबदक मारलं होतं. ते रानातलं नव्हे, शेजारणीचं पाळीव होतं, असं मॅग्डलिन सांगे. बारा वर्षं या बदकावरून नवराबायकोचं भांडण दर ख्रिसमसला ताजं होई. नंदूनं घसा खाकरला आणि साकीच्या चालीवर तान मारली,

"वसईगावी कॉस्मास नामे शूर शिकारी झाला ।
शेजारणीचे पाळीव बदक मारुन घरी तो आला ॥"

झांज. शांतता. पुन्हा तेच, वरच्या पट्टीत. पुन्हा झांज.

खालून, फार लांबून, क्षीण आवाज आला, "रानबदक होतं!"

जहूरनं उडीच मारली. "और! और बजाओ!"

नंदूला आता कोण आवरतो!

"बदक म्हणाले, 'अहो शिकारी, ओळख कशी विसरला?
कालच तुमच्या अंगणि दाणे, तुम्हीच घातले मजला' ॥"

"खोटं आहे, मेल्या!" आवाज जरा जवळ आला. "मॅग्डलिननं सांगितलं ना तुला?"

"श्रोतेजन हो," नंदू ओरडला, "त्या बदकाच्या गळ्यात लाल रिबीन होती!"

"रिबीन नव्हती! वर येतो... थांब... दाखवतो तुला!"

"ये की! नुसता धुक्यातून काय बोलतोस?"

चढ चढत, शिव्या देत, ठेचकाळत, झांजेचा प्रत्येक ठोका धरून कॉस्मास वर आला. धुक्यातून आधी पिशवी दिसली, मग तो. ओठ निळे, दात कडाकडा वाजताहेत, शर्ट अंगाला चिकटलेला.

जहूरनं क्षणभरही दवडला नाही. गाडीत बसवून ओले कपडे उतरवले, कोरडं जाकीट, दोन घोंगड्या, थर्मासमधला साखरेचा चहा घोटघोट. नंदूनं आपली कानटोपी त्याच्या डोक्यावर घातली. आता कॉस्मास हसला नाही.

अर्धा चहा पोटात गेल्यावर तो म्हणाला, "नंद्या, खरं सांगू? एका झाडाखाली बसलो होतो. थंडी वाजायचीसुद्धा बंद झाली होती. मस्त झोप येत होती. आणि तू ते बदक काढलंस. म्हटलं, मेलो तर हा सगळ्या मस्कतभर पाळीवच सांगत सुटेल."

नंदूचे डोळे भरून आले. "कॉस्मास, चूक माझी रे. मी देवाकडे मागितलं होतं, तितरांना लपव म्हणून."

कॉस्मासनं कप खाली ठेवला. पिशवी उलटी करून झटकली; एक पीससुद्धा पडलं नाही. "म्हणजे तितरं तू पळवलीस?"

"हो."

"आणि मग मला परत पण तूच मागितलंस?"

"गाता गाता तेच मागत होतो."

"मग फिटलं," कॉस्मास म्हणाला. "पण पुढच्या खेपेला देवाकडे मागशील ना, तेव्हा माझं जाकीट कुठंय ते पण सांग त्याला."

जहूरला यातलं अर्धंच कळलं, तरी तोच सगळ्यांत मोठ्यानं हसला. धुकं विरळ होताच तो सावकाश घाट उतरू लागला.

पायथ्याशी रस्ता सपाट झाला तसा कॉस्मास घोंगडीतून हळूच म्हणाला, "नंद्या."

"काय रे?"

"पाळीवच होतं. रिबीन मात्र नव्हती, आईशप्पथ."

मॅग्डलिननं वाटलेला मसाला फुकट गेला नाही. गणेशजयंतीला कुरुमला तिनं त्याच मसाल्यातले बटाटे आणले. कॉस्मास पहिल्या रांगेत कानटोपी घालून बसला होता, आणि नंदूच्या आख्यानाला पावणेदोन तास झाल्यावर कुणीतरी जेवणाच्या रांगेकडे निघालं, तेव्हा तो मागे वळून गरजला,

"बसा खाली! हा माणूस कधी थांबवायचा नसतो."