मागच्या रांगेचं मुखपृष्ठ

“मावशी, ही बाई बघतेय कुठे?” सरांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“समोरच्या पाठीकडे.”

“वाचकाकडे का नाही बघत?”

“वाचकाचा तिला काय उपयोग, सर? मुख्य गायक श्वास घेतो तेव्हा त्याचे खांदे जरा वर होतात. ते बघून मागच्या बायका श्वास घेतात. वाचकाकडे बघत बसली तर बेसूर होईल.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. सर म्हणजे या मावशींच्या भाच्याच्या वयाचा माणूस. शिकवायचा मनापासून, पण नियमाबाहेर पाऊल पडलं की लगेच तपासणीचा तक्ता काढायचा.

मासिक-मांडणीचा संध्याकाळचा वर्ग होता. सतरा मुलंमुली आणि एक अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक संगीत मासिक तयार करायचं होतं: मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, आत समोरासमोरची दोन पानं, आणि शेवटी ‘चिंतन’ नावाचं एक प्रकरण, म्हणजे आपण काय केलं, का केलं आणि कुठे चुकलं ते स्वतःच लिहायचं. बाकीच्यांच्या मुखपृष्ठांवर काळी जाकिटं होती, गिटारी होत्या, विस्कटलेले केस होते, आणि नजर अशी की जणू वाचकाने त्यांची सायकल पळवली आहे.

हिच्या मासिकाचं नाव ‘मागची रांग’. फोटोत एक पन्नाशीची बाई, तोंड उघडं, मान किंचित तिरपी. तिच्या अंगावरून खालपर्यंत ठळक अक्षरांत बारा नावं, एकाखाली एक, आडनावांसकट. आणि अगदी तळाला, भिंग लावून वाचावं अशा टाइपात: ‘आणि मुख्य गायक’.

“हे मुखपृष्ठ नाही, मतदारयादी आहे,” सर म्हणाले. “ही बारा नावं काढा. एक दणदणीत मथळा टाका. फारच वाटलं तर खाली ‘आणि इतर’ लिहा, काम झालं.”

तिने माउसवरचा हात काढून घेतला.

“ते नाही लिहिणार.”

“का?”

“एकदा लिहिलंय.”

सरांना यातलं काही कळलं नाही, आणि तिनेही कळू दिलं नाही. “मुखपृष्ठाला तीस गुण आहेत, मावशी. सोमवारपर्यंत बदला. नापास झालात तर मला वाईट वाटेल.”

वाईट सरांना वाटणार होतं, पण खुर्ची जाणार होती तिची. छापखान्यात तिला जुळणीबाई म्हणत. बावीस वर्षं ती तिथे मजकूर जुळवत होती. शिकवलं कुणी नव्हतं. मालक जेवायला गेले की त्यांच्या संगणकासमोर बसून ती चुकत चुकत शिकली होती. आता मालकांचा मुलगा गादीवर आला होता आणि त्याला प्रत्येकाचा कागद हवा होता. “काकू, प्रमाणपत्र आणा, नाहीतर बांधणीला बसा.” बावीस वर्षांनी पानं शिवायला बसायचं, तेही तिनेच शिकवलेल्या मुलीच्या हाताखाली. म्हणून हा वर्ग.

फोटोतली बाई म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण. ताई तीस वर्षं मागच्या रांगेत गायली. स्टुडिओत, सभागृहात, जिथे मुख्य गायकाच्या मागे भरदार काहीतरी हवं असे तिथे. मासिकासाठी जुळणीबाई वही घेऊन तिच्याकडे गेली तेव्हा ताई लसूण सोलत होती.

“पहिला प्रश्न. आतापर्यंत किती गाणी गायलीस?”

“तू आतापर्यंत किती वेळा दार उघडलंस?”

“ताई, मुलाखत आहे. नीट सांग.”

“नीटच सांगतेय. मला कशाला छापतेस? रद्दीवाला काय जास्त भाव देणार आहे?”

“मागे उभं राहून काय वाटायचं?”

“पाय दुखायचे.” मग दोन पाकळ्या सोलून झाल्यावर ती म्हणाली, “आणि पुढच्याचा आवाज कधी फाटला ना, की आम्ही जरा मोठ्याने गायचो. झाकून घ्यायचो. लोक म्हणायचे, आज काय लागला होता त्यांचा आवाज!”

आतल्या खोलीतून दाजींची हाक आली, “इतरबाई, चहाचं काय?”

ताई उठली.

या नावाला अकरा वर्षं झाली होती. तेव्हा एक मोठा कार्यक्रम होता आणि त्याच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर मागच्या रांगेतल्या बाराजणींची नावं येणार होती. ताईने सगळ्या सासरला आधीच सांगून ठेवलं. ऐन वेळी पुस्तिका हातात आली तर शेवटच्या पानावर गाद्यांची जाहिरात, आणि तिच्याखाली ‘आणि इतर’. नणंदेने भर सभागृहात विचारलं, “वहिनी, यातल्या तुम्ही ‘आणि’ की ‘इतर’?” तेव्हापासून दाजींच्या तोंडी तेच बसलं. ताईही हसायची. हसणाऱ्यांत आपण हसून घेतलं की निम्मं दुखणं कमी होतं, असं ती म्हणायची. उरलेलं निम्मं कुठे ठेवते ते तिने कधी सांगितलं नाही.

ताईला एक गोष्ट माहीत नव्हती. ती पुस्तिका कुणी जुळवली, ते.

जाहिरात शेवटच्या क्षणी आली होती. मालक म्हणाले होते, “बसव कसंही.” कसंही म्हणजे टाइप दोन घरं लहान करता आला असता, ओळींमधली जागा आवळता आली असती, मुख्य गायकाचा फोटो बोटभर कमी करता आला असता. दहा मिनिटांचं काम. पण घरी जायची वेळ झाली होती. तिने बारा ओळी निवडल्या, उडवल्या आणि पाच अक्षरं ठोकली. जुळणी करणारा माणूस मजकूर वाचत नाही, बघतो. ओळ कुठे तुटते, समास सरळ आहे का, एवढंच. तिने बारा ओळी बघितल्या. त्यातली सातवी ताई होती, हे तिने वाचलंच नाही. ते तिला कळलं ताईच्या हातातली पुस्तिका बघून, आणि तेव्हा तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते अकरा वर्षं उघडलं नाही.

‘चिंतना’तला चौथा प्रश्न होता: ‘आपल्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक कोणती? ती कशी सुधारली?’ वर्गातल्या बहुतेकांनी लिहिलं होतं की लाल रंग छापताना जास्त गडद आला. हिने जेवणाच्या सुट्टीत, छापखान्यातच बसून, दोन पानं लिहिली. या वेळी जुळवता जुळवता प्रत्येक शब्द वाचला.

सोमवारी सरांनी ती दोन पानं उभ्यानेच वाचली आणि मग खुर्ची ओढून बसले.

“मावशी, पण ही चूक या प्रकल्पातली नाही.”

“याच प्रकल्पातली आहे, सर. फक्त लवकर झाली.”

“आणि मुखपृष्ठ बदललं नाहीत.”

“बदललंय की. नावं अजून मोठी केली.”

“मुख्य गायक तळाला, आणि तेही मुंगीएवढे?”

“जागा उरली नाही, सर. असं होतं छापखान्यात.”

सरांनी कपाळ चोळलं. “मला कळतंय तुम्ही काय करताय. पण तपासणीचा तक्ता माझा नाही. वाचकाकडे नजर नाही, एक ठळक मथळा नाही, ओळखीचा चेहरा नाही. तीसपैकी नऊच्या वर जाता येत नाही मला.”

“नऊ द्या. पण का कापले तो शेरा पूर्ण लिहा.”

सरांनी लिहिलं, ‘नियम माहीत असूनही मोडले.’ तिने तो शेरा दोनदा वाचला. बावीस वर्षांत तिला काय येतं याबद्दल कुणी लिहून दिलेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि ते तिला आवडलं. एकूण गुण भरले एक्केचाळीस. चाळीसला पास. काठावर का होईना, पण पाय कोरडे राहिले.

मासिकाची पहिली प्रत घेऊन ती ताईकडे गेली. ‘चिंतन’ तिने मुद्दाम आत बांधलं होतं. तोंडाने सांगायला गेली असती तर पुन्हा गिळून टाकलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

ताईने मुखपृष्ठावरून हात फिरवला, चष्मा लावला आणि शेवटपासून वाचायला सुरुवात केली. रद्दीतली मासिकं ती तशीच वाचायची. ती दोन पानं संपेपर्यंत जुळणीबाई फरशीचे चौकोन मोजत होती.

“तू होतीस,” ताई म्हणाली.

“मीच होते.”

“गादीसाठी.”

“हो.”

“अकरा वर्षं माझ्या घरी जेवून जातेस. कधी घास अडकला नाही?”

“अडकायचा.”

“पाणी मागायचीस खरी मधे मधे.” ताईने मासिक मिटलं. “जा आता.”

“ताई...”

“जा म्हटलं ना. मला फोन करायचेत.”

चहा विचारला नाही, दारापर्यंत आली नाही. जुळणीबाईने चपला घातल्या आणि जिना उतरायला लागली. पहिल्या वळणावर तिला वरून ताईचा आवाज आला, स्वच्छ, मोकळा, पुढे कुणीच उभं नसल्यासारखा.

“अगं, मी बोलतेय. छापून आलंय आपलं. हो, सगळ्यांचं. आडनावासकट. मुखपृष्ठावर, आत नाही.”

मग दुसरा फोन. मग तिसरा. आतून दाजींनी चहाबद्दल काहीतरी विचारलं. ताईने ओ दिली नाही. चौथ्या फोनला जरा वेळ लागला.

“आई आहे का तुझी?... कधी?... मला कुणी कळवलं नाही रे.”

जुळणीबाई कठड्याला धरून उभी राहिली.

“बरं, ऐक,” ताई म्हणाली. “कागद-पेन्सिल घे. तिचं नाव कसं छापलंय ते सांगते. लिहून घे.”

आणि तिने एक एक अक्षर, सावकाश, सांगायला सुरुवात केली.