बादलीचं माहेर

माझे यजमान दिगंबरराव बँकेतून निवृत्त झाले, पण तपासनीसाची सवय काही सुटली नाही. पूर्वी शाखा तपासायचे, आता नातीचं मराठी.

मधुवंती नऊ वर्षांची, जन्म कोलकात्यातला. शाळेत बंगाली, खाली खेळताना बंगाली. दोलच्या, म्हणजे इथल्या होळीच्या, सकाळी मैत्रिणी रंग घेऊन दारात उभ्या होत्या. ही आतून ओरडली, "आजोबा, माझी बालती कुठे आहे?"

"बालती नव्हे, बादली! अस्सल मराठी शब्द आहे तो. या घरात परके शब्द चालायचे नाहीत!"

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. त्या दिवसापासून पोरीने आजोबांशी मराठी बंदच केलं. येस आजोबा, नो आजोबा, संपलं. म्हातारा आतून कुढायचा, पण मोडेन पण वाकणार नाही! मला भयंकर राग यायचा. इतक्या लांब मराठी बोलणारी एकुलती एक नात, आणि तिचीही या माणसाने वाचा बसवली.

पाडव्याला इथल्या मराठी मंडळात ह्यांचं भाषण होतं, विषय घरातले अस्सल मराठी शब्द. बादलीपासून सुरुवात करायची म्हणून शब्दकोश उघडला आणि चेहराच पडला. बादली निघाली पोर्तुगीज! बंगाल्यांची बालतीही तिथलीच. 'बाल्दे' नावाच्या एकाच आईच्या दोघी लेकी.

"दुसरा शब्द घ्या," मी म्हटलं. "कोणाला कळतंय?"

"मला कळलंय ना," ते म्हणाले.

मंडळात उभे राहिले ते कागद खिशातच ठेवून. शंभरेक माणसांसमोर सगळं सांगितलं. मग पहिल्या रांगेतल्या नातीकडे पाहून म्हणाले, "मधू, माझं चुकलं. तुझा शब्द माझ्या शब्दाइतकाच घरचा होता. मैत्रिणींसमोर तुला ओरडायला नको होतं."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

परतताना टॅक्सीत पोर खिडकीबाहेरच बघत बसली. ह्यांचा जीव टांगणीला लागलेला. शेवटी तिने हळूच त्यांची बाही ओढली.

"आजोबा, सगळ्यांसमोर तुम्हाला खूप लज्जा लागली?"

तिचं बंगाली वळण दुरुस्त करून 'लाज वाटली' म्हणायला त्यांचं तोंड उघडलंच. मी कोपर सरसावलं, पण गरज पडली नाही.

"हो गं," ते म्हणाले. "खूप लज्जा लागली."