शिवलेली पानं

"थांबा, कात्री आणते," म्हणत लीलाबाई आत गेल्या आणि ओट्यावरची मंडळी टरफलं झटकून सावरून बसली.

मध्यभारत हे नवं राज्य नुकतंच झालं होतं. पण परदेशीपुऱ्यातल्या त्या चाळीला मंत्री आणि राजधानीपेक्षा मोठी काळजी होती, ती म्हणजे जहागीरदाराचा खून कोणी केला. दर रविवारी दुपारी गिरणीतले कारकून लक्ष्मीकांत टोकेकर रहस्यकथा वाचून दाखवत. सगळ्या चाळीत मिळून पुस्तक एकच. पूर्वी ते शेवट आधी वाचून ठेवायचे. पण गुपित त्यांच्या पोटात राहिलं तरी चेहऱ्यावर राहत नसे, आणि फिटर हरी दुसऱ्याच प्रकरणाला खुनी ओळखून मोकळा व्हायचा. मग चाळीनं कायदाच केला. नवं पुस्तक आलं की टोकेकरांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, शेवटची पानं न बघता सुईदोऱ्यानं शिवून टाकायची आणि टाके सगळ्यांसमक्ष कापायचे. वाचणाऱ्यालाही खुनी ठाऊक नको! काय दिवस होते ते. खून पुस्तकात व्हायचे आणि चाळ सुखानं शेंगदाणे खायची.

खालच्या पायरीवर दौलतराव बसत. लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, ते पहारेकरी होते. तरुणपणी मानपूरला बांधाच्या भांडणात त्यांनी सख्ख्या भावाला कुऱ्हाड मारली, भाऊ गेला, आणि हे जन्मठेप भोगून आले. चाळीला ते ठाऊक होतं. कितीतरी महिने ते रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली उभे राहून ऐकायचे. एकदा लक्ष्मीकांतांनीच हाक मारली, तेव्हा कुठे पायरीवर आले. लीलाबाईंनी त्यांचा कप मात्र वेगळा ठेवला होता, कान तुटलेला. लक्ष्मीकांतांना ते खुपायचं, पण बायकोला सांगायची छाती नव्हती.

टाके कापले गेले.

"वकीलच आहे भिया, लिख के ले लो," हरी म्हणाला. "शकलसेच बदमाश वाटतो तो."

लक्ष्मीकांत वाचू लागले. गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं. त्यांनी पान उलटलं, नजर पुढे धावली आणि ते वाचायचे थांबले. खुनी माळी होता. कथाभर कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला तो म्हातारा, नाव बदलून राहिलेला, जुन्या खुनाची सजा भोगून सुटलेला कैदी निघाला. खाली लेखकानं ठासून लिहिलं होतं, की एकदा रक्त लागलेला हात पुन्हा रक्तच मागतो.

त्यांनी पायरीकडे पाहिलं. गुडघ्यांना मिठी घालून, मान पुढे काढून दौलतराव ऐकत होते. हे वाक्य ऐकून हा माणूस उठला, तर पुन्हा कडुनिंबाखालीसुद्धा उभा राहायचा नाही.

"खुनी... वकील!" लक्ष्मीकांत म्हणाले आणि पुढचं मनानंच रचून वाचू लागले. पण जन्मभर हजेऱ्या भरणाऱ्या माणसाला थापा कुठून जमणार?

"ऐसा कैसा?" हरी उसळला. "वकील तर त्या रात्री महूला होता ना! टोकेकरजी, पान सोडलं तुम्ही."

"नाही रे, आहे तेच वाचतोय," लक्ष्मीकांत म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"माळी आहे ना, साहेब?" दौलतराव हळूच म्हणाले. "जेलातून सुटलेला?"

लक्ष्मीकांतांनी पुस्तक खाली घेतलं.

"कसं ओळखलंत?"

"तुम्ही माझ्याकडे बघितलं ना." दौलतरावांनी पंच्यानं तोंड पुसलं. "लिहिलंय तेच वाचा. तुम्ही पान बदललं म्हणून माझा भाऊ काही परत येत नाही. त्या दिवशी सकाळी त्याच्याच पोराला खांद्यावर घेऊन बाजार दाखवला होता मी. दुपारी कुऱ्हाड उचलली. दोन्ही वेळेला हात हेच होते. किताबवाल्याला एवढं समजलं नाही, तर जाऊ द्या. पण मेरे वास्ते झूठ मत बोलो, साहेब."

लक्ष्मीकांतांनी सगळं वाचलं, ते वाक्यसुद्धा. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दौलतराव शेवटपर्यंत बसले, मग रामराम करून गेले. त्यांचा चहा तसाच राहिला होता. लीलाबाईंनी तो कप उचलला, बराच वेळ हातात धरला आणि मोरीपलीकडच्या केराच्या डब्यात टाकला.

नवं पुस्तक आलं तेव्हा त्या स्वतः सुईदोरा घेऊन टालीवर गेल्या. लक्ष्मीकांत मागे उभे होते.

"दौलतराव, मला आताशा बारीक दिसत नाही. तुम्हाला जेलात शिवण शिकवलं होतं म्हणे. एवढी पानं शिवून द्याल?"

लीलाबाई दिवेलागणीलासुद्धा पहिल्या फटक्यात सुई ओवत, हे साऱ्या चाळीला माहीत होतं. दौलतरावांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं.

"देतो ना, वहिनी. माझा टाका पक्का असतो. कोणी पळून जायचा नाही."

त्यानंतर शिवायचं काम त्यांचंच झालं. टाके कापताना कात्री घसरायची, हरी शिव्या घालायचा, आणि दौलतराव पायरीवर नाही, ओट्यावर बसून, धड कपातला चहा पीत हसायचे. मग एका थंडीत पुस्तक शिवून आलं आणि रविवारच्या आत दौलतराव तापानं गेले. त्या रविवारी लीलाबाई कात्री आणायला उठल्या नाहीत. कुणी आणा म्हणालंही नाही.

आता लक्ष्मीकांत तुकोगंजात मुलाकडे असतात. लीलाबाईही गेल्या. हरी काठी टेकत अधूनमधून येतो. मग ते पुस्तक कपाटातून निघतं आणि लक्ष्मीकांत टाक्यांपर्यंत वाचून दाखवतात.

"यात तरी वकीलच असणार, भिया," हरी म्हणतो.

"असेल," लक्ष्मीकांत म्हणतात. दोऱ्यावरून एकदा बोट फिरवतात आणि पुस्तक जागेवर ठेवून देतात.