भिंतीवरची रजई

मित्रांनो, मी एक जुनी रजई आहे. आईने जुन्या पडद्यांचे तुकडे जोडून मला शिवले, ते लेकरांच्या पांघरुणासाठी. पण थोरल्याने, म्हणजे दादाने, मला गॅरेजच्या भिंतीवर खिळे मारून टांगले. "आवाज फार घुमतो गं आई. हिच्याशिवाय रेकॉर्डिंग व्हायचं नाही."

"आणि थंडीत काय, गाणी पांघरणार आहात?" आई म्हणाली.

तेव्हापासून माझे काम एकच. घुमणारा आवाज पिऊन टाकायचा आणि स्वतः हूं की चूं करायचे नाही. दादा गिटार वाजवी, धाकटी गाई आणि शेजारचा गोट्या ड्रम असे बडवी की माझी शिवण उसवे. कुठल्याही रेकॉर्ड कंपनीविना त्यांचा पहिला अल्बम त्या गॅरेजात झाला आणि घरोघर वाजला. लोक म्हणाले, "काय स्वच्छ आवाज आहे!" माझे नाव कोणी घेतले नाही, पण माणसांना मूठभर मांस चढते तसा मला मूठभर कापूस चढला.

मग ते मोठ्या स्टुडिओत गेले. मी खिळ्यांवरच राहिले. पुढचे कळले ते गोट्याकडून. आपले ड्रम न्यायला आला तेव्हा तो आईला सांगत होता. स्टुडिओवाल्यांनी धाकटीचा आवाज काढून दुसऱ्याच गायिकेचा घातला आणि दादा गप्प बसला. भावंडांचे बोलणे तुटले, बँड मोडला. गॅरेजला कुलूप लागले. मला ओल आली, कसर लागली. किती एकटे वाटे, काय सांगू!

परवा धाकटी आली, एकटीच. तिने मला खाली काढून झटकले, दोन शिंका दिल्या आणि माइक घेऊन माझ्याखाली शिरून नवे गाणे गायली. ते दादाला पाठवून तिने फोन लावला.

"ऐकलंस? गिटार वाजवायला ये ना, दादा."

"झकास गायलीस. गिटार मी इथूनच वाजवून पाठवतो."

"तसं नको. तू ये."

"बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे मलासुद्धा ठाऊक आहे. ती बराच वेळ मला अंगाभोवती घेऊन बसून राहिली.

गिटार फोनवरून आली. गाणे गाजले. "भावंडं शेवटी एकत्र आली!" असे लोक कौतुकाने म्हणतात. त्या गॅरेजात धाकटी एकटीच होती, हे मला माहीत आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या रजईला अधूनमधून ऊन दाखवा, तिला तेवढे पुरते. रुसलेल्या माणसाला मात्र 'बघू' म्हणू नका. उठा आणि जा.