चौदा नंबरची पट्टी

कॉफीचे कप बाजूला सारून हिल्काने जर्सी टेबलावर पालथी पसरली. मोठा चौदा आकडा, आणि त्याच्यावर जिथे नाव असायचं तिथे काळ्या चिकटपट्टीचे दोन आडवे पट्टे. आइस हॉकीच्या काठ्यांना गुंडाळतात तीच पट्टी.

"बारापर्यंत दफनाचे कपडे पोचवायचेत," ती म्हणाली. "बाबांना हीच घालायची हे ठरलंय. पट्टी काढू की ठेवू, तेवढं सांगा."

रिंकच्या कॅन्टीनमधल्या या टेबलाशी तिचे वडील, रेइनो, खाणीतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी बसत. सोबत जील आणि ओरेस्ट. रेइनोच्या खुर्चीवर कोणी बसू नये म्हणून जीलने आपला कोट टाकून ठेवला होता.

"काढ," जील म्हणाला.

"ठेव," त्याच क्षणी ओरेस्ट म्हणाला.

हिल्काने डोळे मिटून घेतले. तीन दिवस तिला धड झोप नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी गावच्या संघाच्या मॅकलीश नावाच्या जनरल मॅनेजरने चौदा नंबरच्या नुर्मेलाला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं आणि बदल्यात स्लोनला आणलं. त्या आठवड्यात अर्ध्या केल्सो बे गावाने जर्सीवरचं नुर्मेलाचं नाव झाकलं. मॅकलीश जाईपर्यंत पट्टी निघणार नाही, अशी शपथच होती. सहा वर्षांपूर्वी मॅकलीशला काढलं आणि गावभर पट्ट्या निघाल्या. रेइनोची निघाली नाही. हिल्का विचारायची तेव्हा ते "बघू" म्हणायचे.

"शपथ संपली, पट्टी संपली," जील म्हणाला. "माणसाने राग घेऊन जमिनीत जाऊ नये, पोरी."

हेच तिला ऐकायचं होतं. बाबा रागात गेले नाहीत, असं कोणी खात्रीने सांगितलं असतं तर तिने पट्टी तिथेच ओढून काढली असती.

"राग नको?" ओरेस्टने कप आपटला. "एकतीस वर्षांच्या स्लोनशी आठ वर्षांचा करार! आणि तोही गुडघा गेलेला!"

"करार चुकला, मी कधी नाही म्हटलं? पण सौदा बरोबर होता. नुर्मेलाचा करार उन्हाळ्यात संपत होता. फुकटात गेला असता."

"तुझ्या कानात सांगून गेला होता वाटतं! आणि त्या स्लोनला हलवताही येईना. तुझ्या शहाण्या मॅकलीशने लिहूनच दिलेलं, याला विचारल्याशिवाय कुठे पाठवणार नाही म्हणून. माझ्या बायकोनेसुद्धा मला एवढं लिहून दिलेलं नाही."

"ती तुला ओळखून आहे."

"काका, पुरे," हिल्का म्हणाली. "बाबांचं म्हणणं काय होतं?"

"माझ्यासारखंच," दोघं म्हणाले.

तिने पट्टीच्या कोपऱ्याला नख लावलं. कोपरा अलगद उचलला गेला. खालचा डिंक अजून चिकट होता. काठ्यांच्या घरात वाढलेल्या मुलीला एवढं कळत होतं: अकरा वर्षांची पट्टी अशी सुटत नाही, तिचे तुकडे पडतात. कडेला जुन्या डिंकाच्या काळपट रेघा होत्या, एकीखाली एक, कितीतरी.

"ही नवी आहे," ती म्हणाली.

ओरेस्ट कपात बघत राहिला. "ऑक्टोबरमधली. धुतली की सुटायची. दर मोसमाच्या आधी माझ्याकडून एक गुंडाळी न्यायचा."

"मला बोलला नाही कधी," जील म्हणाला.

"तू वाद घातला असतास."

"घातलाच असता!"

"म्हणूनच नाही बोलला. यंदा हात थरथरत होते त्याचे, मी लावून देतो म्हटलं. नको म्हणाला. ज्याची त्याने लावायची."

हिल्काला स्वयंपाकघराच्या टेबलावरचे ते थरथरते हात दिसले. वरचा पट्टा किंचित तिरका होता. राग होता, की नुसती सवय, हे आता विचारायचं कोणाला? पण दर वर्षी त्यांनी ठरवून लावली होती. ती काढणारी आपण कोण?

"राहू दे," ती म्हणाली.

सुटलेला कोपरा तिने दाबून पाहिला. तो पुन्हा वर आला.

जील उठला. काउंटरमागच्या खोक्यातून त्याने एक गुंडाळी आणली, बोटभर पट्टी दातांनी तोडली आणि त्या कोपऱ्यावर बसवली. अंगठ्याने घासत राहिला, लागतं त्याहून जास्त वेळ.

"सौदा बरोबरच होता," तो जर्सीकडे बघत म्हणाला.

ओरेस्टने जर्सीची एक बाही सरळ केली. हिल्काने जर्सीची घडी घातली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.