वरचा माणूस

अकराव्या पायरीवर त्याचा उजवा हात शिडीला चिकटला तो सुटेचना.

बोटांनी गज असा आवळून धरला होता की नखं पांढरीफटक पडली होती. हात त्याचाच, पण त्याचं ऐकत नव्हता. सकाळचे पावणेसात झाले होते. धक्क्याला जहाज लागलेलं, खाली ट्रेलरांची रांग उभी आणि वर चाळीस मीटरवर क्रेनची केबिन रिकामी. क्रेन जुनी होती, तिला लिफ्ट नव्हती. एकोणतीस वर्षं तो ही शिडी चढत आला होता, तीही शीळ घालत. केबिनच्या तळाला काच असे. पायांखाली माणसं मुंगीएवढी दिसत आणि त्या काचेवर बूट रोवून तो दिवसभर जहाजातले कंटेनर उचलून ट्रेलरवर ठेवत असे. गोदीत त्याला सगळे घार म्हणत.

"काय झालं हो, घारदादा?" फोरमनने खालून विचारलं.

"काही नाही. पट्टा अडकलाय."

कमरेचा सुरक्षापट्टा अडकला नव्हता. त्याने खाली पाहिलं. अकरा पायऱ्या म्हणजे जेमतेम एक मजला. पण तेवढ्यावरूनही फोरमनचं पिवळं हेल्मेट त्याला गरगर फिरल्यासारखं दिसलं. आपण पडणार, याची त्याला एकदम खात्री वाटली. वर जायचं तर सोडाच, त्याला आता खालीही येता येईना. शेवटी डोळे घट्ट मिटून, पायाने एकेक पायरी चाचपत तो उतरला. अंगातला सदरा भिजून पाठीला चिकटला होता.

"पाठीत उसण भरली," तो म्हणाला.

"सत्तावन्नाव्या वर्षी भरणारच. घरी जा, शेक घ्या," फोरमन म्हणाला आणि दुसऱ्या चालकाला हाक मारायला वळला.

चार दिवस तो घरी पडून राहिला. गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरने पाठ दाबून पाहिली, कुठे दुखतं ते विचारलं, आणि त्याने दाखवलं तिथे दुखतं असं लिहून दिलं. पाचव्या दिवशी दुपारी बायको घरी नसताना तो इमारतीच्या गच्चीवर गेला. चौथाच मजला. कठड्यापासून पाच पावलं अलीकडेच तो थांबला आणि पाण्याच्या टाकीला पाठ टेकून खाली बसला. ऊन उतरेपर्यंत तिथेच बसून राहिला.

घरी आला तेव्हा बायको भाजी निवडत होती. ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. बावीस वर्षं हंगामी म्हणून लागलेली आणि हंगामीच राहिलेली.

"कुठे होतात?"

"इथेच, खाली. पाय मोकळे करत होतो."

"उसण भरलेला माणूस वाकून चपला घालत नाही," ती मान वर न करता म्हणाली. "चार दिवस बघतेय मी. काय झालंय ते सांगा, नाहीतर सांगू नका. पण पाठीचं सोंग पुरे."

त्याने सांगितलं. शिडी, हात, हेल्मेट. गच्चीचंही सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं, निदान घाबरेल. तिने भाजीची जुडी बाजूला ठेवली आणि हात पुसले.

"इतकी वर्षं नाही आणि आत्ताच कशी आली ही भीती?" तो म्हणाला. "मला कधी म्हणजे कधी भीती माहीत नव्हती."

"वर नव्हती माहीत," ती म्हणाली. "वर तुम्हाला कोण काय विचारणार होतं?"

"म्हणजे?"

"प्रशिक्षण केंद्राची नोकरी आठवते?"

ती त्याला आठवत होती. सोळा वर्षांपूर्वी दुसऱ्या गावच्या केंद्रात नव्या चालकांना शिकवायची जागा निघाली होती. वरिष्ठांनी त्याचंच नाव सुचवलं होतं. त्याच गावातल्या कॉलेजात बायकोला कायमची नोकरी मिळत होती. तिला तसं पत्रही आलं होतं. तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला होता, "खाली बसून फळ्यावर रेघोट्या ओढणारा माणूस नाही मी. मी वरचा माणूस." आणि विषय संपला होता. ते पत्र पुढे कुठे गेलं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"वर्गापुढे उभं राहायचं म्हणून तुमची गाळण उडाली होती," ती म्हणाली. "पंधरा दिवस झोप नव्हती तुम्हाला. मी काय आंधळी होते?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कारण मलाही भीती वाटत होती. नवं गाव, नवी माणसं, कॉलेजातले साहेब लोक. तुम्ही नाही म्हणालात आणि मला सुटल्यासारखं झालं. मग आयुष्यभर म्हणायची सोय झाली, की ह्यांच्यामुळे राहिलं." तिने जुडी पुन्हा ओढली. "म्हटलं की नाही मी?"

"पुष्कळदा."

"हं. तर तेवढ्यापुरती मीही खोटीच."

त्याला ती रडेल असं वाटत होतं. तिने भाजी निवडून धुवायला घेतली. नळाच्या आवाजातच तिने एकदा विचारलं, "त्यांना कधी भेटलात का हो? तुमच्या जोडीदाराला?"

ती त्याचं नाव काढेल याचीच त्याला धास्ती होती.

जोडीदार म्हणजे शेजारच्या क्रेनवरचा चालक. दोघं एकाच महिन्यात कामाला लागले, एकाच डब्यात जेवले. अठरा वर्षांपूर्वी एका सकाळी तो वर केबिनच्या दारात खांबाला मिठी मारून बसला आणि उतरेना. घारच वर गेला, आपल्या पट्ट्याला त्याचा पट्टा जोडून एकेक पायरी त्याला खाली घेऊन आला. सगळ्या गोदीने टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे जोडीदाराला खालच्या वजनकाट्यावर बसवलं आणि घारने त्याचं नाव ठेवलं जमीनदार. कँटीनमध्ये तो टेबलाच्या पायाला मिठी मारून त्याची नक्कल करून दाखवायचा. लोक हसून हसून लोळायचे. नवा माणूस कामावर आला की "जमीनदारांची गोष्ट ऐकलीस का?" असं विचारून घारला बोलावणं यायचं. जोडीदार दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, तोवर ते नाव चालू होतं.

रविवारी सकाळी तो बसने जोडीदाराकडे गेला. काय बोलायचं ते त्याने मनात घोकून ठेवलं होतं. जोडीदाराने दार उघडलं, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि बाजूला झाला.

"बस."

खोलीत दोन खुर्च्या, एक पलंग, खिडकीत धुतलेले कपडे. आत सून स्वयंपाक करत होती. भांड्यांचा आवाज येत होता.

"मला शिडी चढवत नाही," तो एकदम म्हणाला. घोकलेलं वाक्य वेगळंच होतं. "अकरा पायऱ्या. पुढे नाही."

जोडीदाराच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. "कधीपासून?"

"आठवडा झाला."

"गोदीत काय सांगितलंस?"

"पाठ दुखते म्हणून."

"हुशार आहेस," जोडीदार म्हणाला. "मला सुचलं नाही ते."

घार खाली मान घालून बसला. "अरे, ती जाते का? भीती?"

"जाते की. माझी दोन महिन्यांत गेली. पुढे मी थोरल्या पोराच्या नवव्या मजल्यावरच्या घरात खिडक्या पुसल्या." जोडीदार पुढे झुकला. आत ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज खाली आणला. "नाव नाही गेलं. ते सोळा वर्षं पुरलं. मुलाच्या लग्नात तुमच्यातलाच एक जण भर मांडवात ओरडला, या जमीनदार! व्याह्यांनी मला विचारलं, किती एकर आहे? मी म्हटलं, होती, विकली. अजून त्यांना तेच ठाऊक आहे."

"मी चुकलो."

"त्या दिवशी तू वर आला नसतास तर मी मेलो असतो. तेही खरंच. उतरताना तू मला काय सांगितलं होतंस?"

घारला ते शब्द अगदी स्पष्ट आठवत होते. "कुणाला कळणार नाही, म्हणून."

"आणि जेवणाच्या सुट्टीत?"

त्या सुट्टीत आपण ती नक्कल का केली, हे घारला या आठवड्यात कळलं होतं. जोडीदाराचा पट्टा आपल्या पट्ट्याला जोडला तेव्हा त्याचे स्वतःचेही पाय लटपटत होते. ते कुणी पाहायच्या आत सगळ्यांना दुसरीकडे पाहायला लावायचं होतं. हेच सांगायला तो आला होता. हे अजून त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

इतक्यात सून चहा घेऊन आली. हसऱ्या चेहऱ्याची, मोकळी मुलगी. तिने एक कप त्याच्या हातात दिला, एक सासऱ्यांच्या.

"काका, तुम्ही बाबांबरोबर क्रेनवर होतात ना? एवढ्या उंचावर भीती नाही हो वाटायची?"

घारने तोंड उघडलं. जोडीदार त्याच्याकडे पाहत होता. घाई न करता, अगदी शांतपणे पाहत होता. जोडीदाराने वाट पाहिली. कपातून वाफ येत होती, बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, सून हसत उत्तराची वाट बघत उभी होती. वाक्य घारच्या जिभेवर होतं, छोटंसंच होतं.

"त्याला?" शेवटी जोडीदारच म्हणाला. "छे! त्याला कधीच नाही. आमच्यात एकच माणूस भ्याला, तो मी."

"काहीतरीच हं, बाबा," सून म्हणाली. मग पाहुण्याकडे वळून तिने विचारलं, "साखर बरोबर झालीय ना, काका?"

"हो," तो म्हणाला. "अगदी बरोबर आहे."