सुस्त आहे, खात नाही

कुत्र्यांच्या दवाखान्यात मी बारा वर्षं गोचिड्या काढते. चिमट्याने ओढायची, रॉकेलच्या बरणीत टाकायची. आमच्याकडे नियम आहे: कुत्रं सुस्त झालं, खाईनासं झालं, की पहिल्याच दिवशी गोचीडतापासाठी रक्त तपासायचं. त्याच्या मनाला काही लागलंय का, हे कुणी विचारत नाही.

माझ्या मात्र आठ महिने मनालाच लागलं होतं म्हणे. अंगावर लाल चट्टे, खाजवून चादरीला रक्त, आणि सकाळी पाय खाली टेकवायचे म्हटलं तरी रडू यायचं. कातडीचे डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मनाचे डॉक्टर म्हणाले, चट्ट्यांकडे लक्ष देऊ नका. दोघांचे दवाखाने एकाच जिन्यावर आहेत. पण दिवसभर तुम्ही हातांनी काय करता, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. एवढी हुशारी ठेवतात तरी कुठे, कोण जाणे.

नणंद म्हणाली, "वहिनी, सगळं मिळालं की अशी दुखणी सुचतात." नवऱ्याने मान डोलावली. त्याला तेवढंच जमतं. आमचे कुत्र्यांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, जरा हसत जा, लोक दचकतात. नाहीतर पुढच्या महिन्यापासून मी दुसरी बाई बघतो."

काल एका कुत्रीचा कागद भरत होते. सुस्त आहे, खात नाही, खाजवून रक्त काढते. लिहिता लिहिता हात थांबला. मी तरी कुठली मोठी शहाणी! बारा वर्षं हेच लिहितेय.

मग दुसरा कागद घेतला. मादी. आठ महिने सुस्त. हाक मारली तरी उठत नाही. गोचिडीशी संबंध: रोज. नेऊन डॉक्टरांपुढे ठेवला.

ते वाचूनच भडकले. "आठ महिने? गोचीडताप असेल, नसेल. पण रक्त तपासायला नको? मालक माणसं आहेत का कोण?"

"नवरा आहे, नणंद आहे, दोन डॉक्टर आहेत."

"पेशंट कुठाय?"

"तुमच्यासमोर उभी आहे."

त्यांनी कागद पुन्हा वाचला.

"हे कधीपासून, बाई?"

"तुम्ही हसायला सांगितलंत, त्याच्या आधीपासून."

त्यांनी चष्मा लावला, माझे दोन्ही हात दिव्याखाली ओढले आणि बाह्या वर सारून उलटसुलट करून पाहिले. कुत्र्याचे पाहतात तसे, नीट. आठ महिन्यांत असे कुणी पाहिले नव्हते. मला रडू फुटलं, आणि या वेळी त्यांनी हसायला सांगितलं नाही.